बिनमालकाची डिस्क

आमच्या ऑफिसात दसऱ्याला यंत्राची पूजा होते, आणि अंधेरी एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यापेक्षा ती अवघड असते. आमच्या मशीनरूममध्ये धूर चालत नाही. उदबत्तीच्या एका काडीने आग विझवायचा गॅस सुटू शकतो. म्हणून मार्तंडकाका काचेच्या दाराबाहेर उभे राहून ओवाळतात आणि आत फक्त झेंडूची माळ नेतात. मेनफ्रेमच्या, म्हणजे आमच्या थोरल्या संगणकाच्या, काळ्या कपाटाच्या कडीला ती माळ बांधली की यंत्र वर्षभर त्रास देत नाही, असा त्यांचा दावा आहे. मी म्हणते, यंत्र कशाला त्रास देईल, त्यासाठी आपण आहोत ना.

मी शुभा. त्या मेनफ्रेमच्या पोटातले लिनक्स सर्व्हर मी सांभाळते. यंत्र घेतलं होतं एका विमा कंपनीसाठी. तिचं काम भागून उरलेली ताकद आम्ही लहानसहान गिऱ्हाइकांना भाड्याने देतो. एकाच यंत्रात पन्नासएक सर्व्हर राहतात आणि प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच आहे. कुठली डिस्क कोणाला द्यायची हे मार्तंडकाका ठरवतात. डिस्क हातात आली की पुढचं माझं. त्यावरून आमचा रोज एक तरी खटका उडतो, आणि दुपारचा डबा आम्ही रोज एकत्र खातो.

पूजेच्या आधी घर झाडावं तशी काका यंत्राचीही साफसफाई करतात. हा शिरस्ता त्यांनी त्यांच्या साहेबांकडून उचलला, त्या साहेबांनी आणखी कोणाकडून. सगळ्या डिस्कांवरून नजर फिरवायची, ज्या डिस्कला नोंदीत मालक नाही तिच्यावर नवं कोरं लेबल मारायचं, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीलाच तिची नवी ओळख लिहायची, आणि ती शिलकीत टाकायची. यंत्राचे दोन हिस्से आहेत. काका बसतात विमा कंपनीच्या हिश्शात. तिथून बघितलं तर माझ्याकडच्या डिस्का वापरात आहेत की पडून आहेत ते कळत नाही, नोंद सांगेल तेच खरं. इतकी वर्षं नोंद खरंच सांगत आली होती.

त्या वर्षी एका डिस्कला मालक नव्हता. म्हणजे होता, पण नोंदीत नव्हता. वेसाव्याच्या एका मच्छीमार सोसायटीचा सर्व्हर माझ्या आधीच्या देवव्रतने ‘बघू चालतंय का’ म्हणून उभा केला, डिस्क हाताने जोडून दिली, नोंद नंतर करू म्हणाला आणि कॅनडाला निघून गेला. काम छान चाललं, म्हणून कोणी परत बघितलं नाही. सोसायटीच्या प्रत्येक होडीवर एक डबा असतो, तो थोड्या थोड्या वेळाने उपग्रहाला आपली जागा कळवतो. ती जागा आमच्या सर्व्हरवर येते आणि सोसायटीच्या स्क्रीनवर ठिपका बनून दिसते. कुठला डबा कुठल्या होडीचा, हे सगळं त्याच डिस्कवर होतं. बॅकअपची यादीसुद्धा काकांच्या नोंदीवरूनच बनते, तेव्हा त्या डिस्कचा बॅकअपही नव्हता.

काकांनी तिच्यावर लेबल मारलं आणि काहीही झालं नाही. सर्व्हर चालवणारं लिनक्स डिस्कवरचं लेबल वाचतं ते फक्त उठताना. एकदा वाचलं की डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत ते त्याच्या डोक्यात राहतं, मग दारावरची पाटी कोणी बदलली तरी त्याला पत्ता नसतो. दसरा झाला, दिवाळी झाली, ठिपके मजेत समुद्रावर फिरत होते. एका मंगळवारी सकाळी मी नेहमीची सुरक्षेची डागडुजी केली, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, आणि तो उठताना अर्ध्यातच अडकला. डिस्क समोर दिसत होती. तिच्यावरचा भाग, जिथे सगळा डेटा होता, तो नव्हता. लिनक्सच्या मते ती अगदी नवी, कोणी हात न लावलेली डिस्क होती.

मी आधी केबल, मग जोडणी, मग माझं स्वतःचं काम तपासलं. मग डिस्कचा पहिला ट्रॅक, म्हणजे अगदी सुरुवातीचा पट्टा, उघडून बघितला. तिथे काकांच्या शिलकीतल्या डिस्कांचं लेबल होतं, त्यांच्याच पद्धतीचं. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन स्क्रीन दाखवली. एरवी ते दोन तासांची तरी हुज्जत घालतात. त्या दिवशी चष्मा काढून नुसतं म्हणाले, “मालक नव्हता गं तिला.”

तेवढ्यात सोसायटीतून फोन आला. विनिता नावाची बाई तिथे स्क्रीनसमोर बसते, होड्यांची ये-जा बघते, बर्फ नि डिझेलवाल्यांना कळवते. मी तिच्याशी आधी एकदोनदा बोलले होते. ठिपके गेले, एवढंच तिने सांगितलं, फार काळजीत वगैरे नव्हती. मी तिची तक्रार नोंदवली. आमच्याकडे नियम आहे की तक्रार उघडी असेपर्यंत ती ज्याच्याकडे आहे त्याने रोज सकाळी गिऱ्हाइकाला फोन करायचा, सांगण्यासारखं काही असो वा नसो. मला त्या नियमाचा भयंकर राग येतो. सांगायला काही नसताना फोन करणं म्हणजे शिव्या खायला स्वतःहून जाणं.

बुधवारी सकाळी मी फोन केला तेव्हा विनिताचा आवाज बदललेला होता. वारा उठणार असल्याचा इशारा आला होता आणि सगळ्या होड्या परत फिरल्या होत्या. संध्याकाळपर्यंत धक्क्याला लागतील म्हणाली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, आज स्क्रीन चालू होईल ना. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात निलाजरी ओळ, आणि मी ती दिवसातून दहा वेळा म्हणते.

गुरुवारी फोन मी करायच्या आधी तिचाच आला. सगळ्या होड्या आल्या होत्या, एक सोडून.

“माझे मिस्टर आहेत त्यात,” ती म्हणाली. “अनंता. आणि दोन खलाशी. वायरलेस लागत नाही मॅडम. तुमचा डबा आहे ना त्यांच्याकडे, तो तर लागेल. तेवढा ठिपका दाखवा.”

मी उपग्रहवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, सगळ्या डब्यांचे संदेश येतायत, तुमचा सर्व्हर घेत नाही म्हणून आमच्याकडे साठलेत. पण त्यांच्याकडे नुसते डब्यांचे नंबर, आणि नंबर सांगितल्याशिवाय कुठल्याही डब्याची जागा द्यायची नाही हा त्यांचा नियम. त्यातला अनंताचा कुठला हे आमच्या मेलेल्या डिस्कवर, नाहीतर त्या डब्याच्या पाठीवर, आणि डबा होडीवर. मी विनिताला विचारलं, तुमच्याकडे कुठे लिहिलेलं आहे का. ती म्हणाली, तुमच्याच माणसाने सांगितलं होतं की आता लिहून ठेवायची गरज नाही. देवव्रतच तो. मला त्याला कॅनडात जाऊन एक कानफटात द्यावीशी वाटली.

शोध सुरू झाला होता. पण कुठे बघायचं? विनिताने स्क्रीन जाण्याआधी शेवटचा ठिपका बघितला होता. अनंता आणि पिंटू, दोघांचे ठिपके जवळजवळ होते. पिंटू म्हणजे अनंताचा लहानपणापासूनचा दोस्त, तो बुधवारीच परत आला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, होता माझ्या बाजूलाच, वारा उठला तशी चुकामूक झाली. म्हणून ती जागा कळवली गेली आणि सगळे तिथे शोधत होते. वारा तर झाला होता. होडी वाहत कुठे गेली असेल ते डबाच सांगणार होता.

आमचा मॅनेजर ओजस काही वाईट मुलगा नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीत झटपट सुटका हवी असते. “नवी डिस्क दे ना यार, सर्व्हर तर उठू दे,” म्हणाला. मी म्हटलं, सर्व्हर उठेल आणि त्याला एकही होडी ओळखता येणार नाही. आणि या डिस्कवर कोणी एक अक्षर जरी लिहिलं तरी मी त्याचे हात मोडीन. लिनक्सवाल्यांचा हात अशा वेळी आपोआप फॉर्मॅटच्या कमांडवर जातो. कोरी डिस्क दिसली की फॉर्मॅट कर, ही आमची खोड. काकांच्या लेबलाने दारच गेलं होतं, फॉर्मॅटने घर गेलं असतं.

काकांचं लेबल डिस्कच्या अगदी सुरुवातीला होतं. त्याच्या पुढचा थोडा भागही पुसला गेला होता, पण बाकीचा डेटा जिथल्या तिथे असणार होता. फक्त तो कुठून सुरू होतो हे सांगणारी ओळ नव्हती. आपण तीच ओळ पुन्हा लिहायची, पण ट्रॅक अचूक हवा. एक ट्रॅक इकडे की तिकडे, सगळा कचरा दिसतो, आणि कचऱ्यालाच डेटा समजून दुरुस्ती चालवली तर खरोखरच कचरा होतो. म्हणून आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढायची आणि सगळे प्रयोग नकलेवर करायचे. नक्कल निघायला वेळ लागतो. तिला घाई करता येत नाही, ओरडून उपयोग नाही, लाच घेत नाही ती. स्क्रीनवर आकडा सरकत होता आणि मी तो बघत बसले होते. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं निकामी मला कधी वाटलं नव्हतं.

काका माझ्या शेजारची खुर्ची सोडत नव्हते. डबा उघडला नाही, चहा घेतला नाही. मध्येच ते विचारायचे, किती माणसं आहेत म्हणालीस त्या होडीत. मी सांगायचे, तीन. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायचे. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. दोन्ही एकदम आलं की मी कोणाशी धड बोलत नाही, तशी त्यांच्याशीही बोलले नाही.

नक्कल झाली. नेहमी जिथून सुरुवात करतात त्या ट्रॅकवरून मी ओळ लिहून बघितली. कचरा. देवव्रतने मधे काहीतरी जागा सोडली असणार. त्याला निरोप पाठवला होता, त्याचं उत्तर आलं: आठवत नाही, सॉरी, खूप जुनं आहे. शेवटी दुसरी वाट धरली. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर डेटा मांडून ठेवणारी व्यवस्था, आपल्या पहिल्या पानाच्या प्रती डिस्कभर ठरावीक अंतरावर ठेवून देते. पहिलं पान काकांच्या लेबलाखाली गेलं असेल, पण प्रती शाबूत असतील. त्या खुणा शोधायच्या आणि अंतर मोजत मागे यायचं. पहिली खूण सापडली तेव्हा काका खुर्चीतून उठून उभेच राहिले. दुसरीही सापडली, अंतर जुळलं, सुरुवातीचा ट्रॅक निघाला. मी ओळ लिहिली. भाग दिसला. दुरुस्ती चालवली. डेटा होता. सगळा होता.

मग तेच खऱ्या डिस्कवर केलं. सर्व्हर उठला आणि उपग्रहवाल्यांकडे साठलेले संदेश भराभर आत यायला लागले. नकाशावर एकेक ठिपका उमटत होता. मी अनंताच्या होडीचं नाव टाकलं. ठिपका वेसाव्याच्या धक्क्यावर होता.

मी पुन्हा टाकलं. धक्क्यावरच होता. बुधवार संध्याकाळपासून तिथेच. मी मागची सगळी वाट बघितली. मंगळवारी तो बाहेर होता, पिंटूच्या शेजारी, बुधवारी सकाळी परत निघाला, संध्याकाळी धक्क्याला लागला. काकांनी दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. मी ओरडलेच. ओजस केबिनमधून पळत आला. तो आलाय, म्हटलं, कालपासून आलाय, गर्दीत कोणी बघितलं नसेल, दुसरीकडे कुठे लावली असेल होडी.

विनिताला फोन लावला. मी म्हटलं, विनिता, ठिपका धक्क्यावर आहे. फोन चालूच राहिला आणि मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, मग माणसांचा, मग ती कोणाला तरी बाजूला हो म्हणाली. मग फोन तुटला.

आम्ही थांबलो. ओजसने सगळ्यांसाठी वडापाव मागवले. काकांनी पहिल्यांदा जेवणाचा डबा उघडला.

तिचा फोन आला तेव्हा तिचा आवाज अगदी सपाट होता. मला वाटलं आनंदाने थकली असेल. मी विचारलं, भेटले का.

“डबा पिंटूच्या होडीत आहे, मॅडम,” ती म्हणाली. “जाळ्याखाली. चालू आहे.”

मला कळलंच नाही. तिने सांगितलं, तेही सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. अनंताला मासळीची एक नवी जागा सापडली होती. सोसायटीत स्क्रीन आहे आणि स्क्रीनपुढे दिवसभर सगळ्यांची बैठक. कोणाचा ठिपका कुठे थांबला, किती वेळ थांबला, परत आल्यावर माल किती उतरला, सगळ्यांचं गणित तिथे चालतं. एकदा जागा कळली की दुसऱ्या दिवशी दहा होड्या तिथे. म्हणून खाडीबाहेर पडल्यावर त्याने आपला डबा काढून पिंटूच्या होडीत टाकला आणि त्याला शपथ घातली. पिंटू नेहमीच्या जागी राहिला, दोन ठिपके शेजारी शेजारी दिसत राहिले. अनंता गेला आपल्या जागेकडे. असं बरेच जण करतात म्हणाली. तिलाही ठाऊक होतं की करतात, फक्त आपल्या घरात करतात हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे शोध चालला होता पिंटूच्या जागेवर. अनंता तिथे कधीच नव्हता.

“मग पिंटू बोलला का नाही?” मी विचारलं. मला एवढंच सुचलं.

“काल सगळ्यांना वाटत होतं येईल म्हणून. शपथ कशाला मोडा. आज सकाळी खोटं बोलून बसला, मग हिंमत झाली नाही. म्हणतो, स्क्रीन चालू झाली की दोन्ही डबे धक्क्यावर दिसतील, आपोआप कळेल सगळ्यांना, मला सांगावं लागणार नाही.” मग म्हणाली, “तो पण तुमच्याच फोनची वाट बघत होता, मॅडम. माझ्यासारखाच.”

काका समोर बसले होते. फोन स्पीकरवर होता आणि मला तो बंद करायचं सुचलं नव्हतं. स्क्रीन चालू असती तर बुधवारी संध्याकाळीच तो ठिपका धक्क्यावर दिसला असता, होडी तिथे नसती, आणि पहिल्याच तासात सगळं उघड झालं असतं. हे मी मोठ्याने म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती, काकांनी डबा पुन्हा बंद केला होता.

मी विचारलं, ती नवी जागा कुठली, पिंटूला तरी माहीत असेल. नाही म्हणाली. त्यालाही सांगितली नव्हती.

“आणि तुम्हाला?”

“मला कशी सांगतील? मीच तर त्या स्क्रीनपुढे बसते.”

त्यानंतर शोधणाऱ्यांनी बाकीचा समुद्र बघितला. बाकीचा समुद्र म्हणजे किती, हे मी नकाशा लहान करत करत बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. त्यांना एक रिकामा बर्फाचा खोका मिळाला, तो कोणाचाही असू शकत होता. काही दिवसांनी शोध थांबला. पिंटू होडी विकून कुठेतरी निघून गेला असं विनिताकडूनच कळलं. ती त्याच्यावर चिडलेली नव्हती. मला तिच्या जागी चिडणं जमलं असतं, मी चिडून घेतलं.

काकांनी सगळ्या डिस्का एकेक करून तपासल्या आणि प्रत्येकीला नोंदीत मालक लावला. त्या डिस्कपुढे सोसायटीचं नाव त्यांनी स्वतः घातलं. मग मशीनरूममध्ये जाऊन कडीची वाळकी माळ सोडून आणली आणि माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकली. पुढच्या दसऱ्याला साफसफाई करणार का, असं मी विचारलं नाही. डबा आम्ही एकत्र खातो. खटके उडत नाहीत, ते मला अजिबात आवडत नाही.

ओजसने वरच्यांना मेल पाठवली की डिस्क पूर्ण परत मिळाली, डेटाचं काहीही नुकसान नाही. त्यात एक शब्द खोटा नव्हता. मग तो माझ्या मागे लागला की ती तक्रार बंद कर, महिना होत आला, आकडे खराब दिसतात. तक्रार बंद करायला गिऱ्हाइकाचं हो लागतं. मी सकाळी नेहमीसारखा फोन केला आणि विनिताला सांगितलं की सर्व्हर नीट चालतोय, तुमचं हो असेल तर तक्रार बंद करते.

ती म्हणाली, “बंद केल्यावर सकाळचा फोन येणार नाही ना?”

नियमाप्रमाणे नाही, मी म्हटलं.

“मग राहू दे उघडी. सगळ्यांनी विचारायचं सोडलं, मॅडम. तुम्ही तेवढ्या विचारता.”

मी ओजसला कळवलं की गिऱ्हाइकाची खात्री बाकी आहे. तो ओरडला, मग ओरडायचा कंटाळला. अनंताचा डबा विनिताने धक्क्यावरच्या सोसायटीच्या खिडकीत ठेवलाय, चार्जिंगला लावून. तो इमानाने थोड्या थोड्या वेळाने आपली जागा कळवतो आणि आमचा सर्व्हर ती इमानाने लिहून घेतो. त्या नियमाचा मला अजूनही राग येतो. तरी सकाळी आल्या आल्या, पर्ससुद्धा खाली न ठेवता, मी तिचा नंबर लावते.

“शुभा बोलतेय. काही कळलं?”

“नाही, मॅडम. तुमच्याकडे?”

मी नकाशा उघडते, खरंच उघडते, आणि बघून सांगते. “धक्क्यावरच आहे.”